पोर्तोच्या भिंतीवरचा इतिहास

पोर्तुगालमध्ये आगगाडीने हिंडणाऱ्यास तो देश दोन ठिकाणी पाहावयास मिळतो : एक डब्याच्या खिडकीबाहेर, दुसरा स्थानकांच्या भिंतींवर. निळ्या-पांढऱ्या झिलईदार लाद्यांवर चित्रे रंगवून भिंती मढविण्याच्या तेथील कलेस 'आझुलेझु' म्हणतात. लिस्बनहून पोर्तोस जलद गाडीने सुमारे तीन तास लागतात. कांपान्यां स्थानकावर गाडी बदलून आपण शहराच्या मध्यभागी साऊं बेंतु स्थानकात उतरतो, तो समोर सुमारे २०,००० लाद्यांचे दालन उभे असते. जॉर्जे कोलासो या चित्रकाराने हे काम १९०५ ते १९१६ या काळात केले. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील १९३५ ची चित्रेही त्याचीच. तेव्हा हा हात आपल्यास अनोळखी नव्हे.

कोलासोच्या रेखाटनावरील प्रभुत्वाविषयी दुमत होऊ नये. एगश मोनीशचे चित्र पाहावे. आपल्या राजपुत्राच्या वतीने लेओनच्या राजास दिलेले वचन मोडले गेले, म्हणून हा वृद्ध सरदार बायकामुलांसह, गळ्यात दोर बांधून, त्या राजापुढे उभा राहिला अशी कथा आहे. हरिश्चंद्राचे आख्यान ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकास त्या चित्राचा अर्थ कोणी सांगावयास नको.

परंतु १४१५ च्या सेउता-विजयाच्या चित्रापुढे आमचे मन थबकते. येथे विजेत्या राजपुत्रास सारे तेज लाभले आहे आणि पराभूत मूर केवळ त्याच्या पायाशी नमण्यापुरते आले आहेत. कोलासोचा जन्म १८६८ साली टँजिअरचा, म्हणजे सेउता ज्या मोरोक्कोच्या किनाऱ्यावर आहे त्याच किनाऱ्यावरचा. त्या भूमीतील माणसांचे चेहरे त्याने बालपणी पाहिले असणार. तरीही चित्रात त्यांना स्वतःचे दुःख नाही. कलादृष्ट्या हाच या चित्राचा दोष आहे. ज्यात पराभूतास मन नाही, त्या चित्रात विजयालाही वजन उरत नाही.

याहून मोठे मौन त्या जागेचेच आहे. साऊं बेंतु हे मुळात बेनेडिक्टाइन जोगिणींच्या मठाचे नाव. ज्याच्या कारकिर्दीत १५१० साली गोवा जिंकला गेला, त्या मानुएल राजानेच तो मठ स्थापिला होता. १८३४ नंतर धर्मसंघांवर बंदी आली, अखेरच्या जोगिणीबरोबर मठही संपला आणि त्याच्या जागी स्थानक उठले. यात कोणी समाधान मानू नये. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीहून श्रीमंगेशास प्रियोळास न्यावे लागले. देवस्थान उठते आणि मागे नाव तेवढे उरते, याचा अर्थ आपला समाज जाणतो. दालनातील भव्य इतिहासचित्रांत मात्र त्या मठास स्थान मिळालेले नाही.

याचे उत्तर आम्हांस दोरू नदीच्या लोहमार्गावर सापडले. पोर्तोहून सुमारे अडीच तासांवर, द्राक्षमळ्यांच्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगराखाली, पिन्यांव हे लहानसे स्थानक आहे. तेथील १९३७ च्या २४ चित्रांत राजे नाहीत. द्राक्षे खुडणाऱ्या बाया आहेत, टोपल्या वाहणारे गडी आहेत आणि मद्याची पिंपे वाहून नेणाऱ्या 'राबेलु' होड्या आहेत. या होड्यांचे काम पुढे ज्यांनी हिरावले, त्यांत आगगाडीही होती. तीच आगगाडी आपल्या स्थानकाच्या भिंतीवर त्यांस मानाने मिरविते.

रेखाटनाचे कौशल्य पोर्तोत अधिक आहे, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. तरीही आमच्या मते थोर भिंत पिन्यांवची. आपण ज्यांची जागा घेतली त्यांचे स्मरण ठेवणे हा केवळ नीतीचा प्रश्न नव्हे. चित्राला खोली येते ती त्यानेच.