नवजात बाळाच्या रक्ताची साक्ष

परभणी जिल्ह्यात जिंतूर किंवा गंगाखेडकडच्या एखाद्या वस्तीवर आठ दिवसांचे बाळ दूध ओढेनासे होते. आई म्हणते, "काल याचं रडणं असं नव्हतं." हा जंतुसंसर्ग आहे काय? रक्ताच्या थेंबावरून याचे उत्तर मिळाले तर किती बरे! या आशेत तथ्य किती, ते आम्ही येथे तपासणार आहोत.

रक्तातले जंतू वाढवून पाहणे ही खात्रीची पद्धत. पण तिला एक-दोन दिवस लागतात, आणि तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते जेमतेम पाव लिटर. म्हणून जंतूंना शरीर जो प्रतिसाद देते, त्याच्या खुणा रक्तात शोधल्या जातात. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन ही त्यांतली सर्वांत परिचित खूण. १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांत तिचा शोध लावला. हे प्रथिन यकृतात तयार होते आणि संसर्गानंतर ठळकपणे वाढावयास त्याला सहा ते बारा तास लागतात. प्रोकॅल्सिटोनिन त्याहून लवकर वाढते. पण पहिल्या दोन दिवसांत ते निरोगी बाळातही चढलेले असते.

रुग्णालयातील बाळांवरील अभ्यासांचा कोक्रेन आढावा २०१९ मध्ये निघाला. त्यानुसार सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची चाचणी संसर्ग झालेल्या १०० पैकी सुमारे ६२ बाळे ओळखते, आणि न झालेल्या १०० पैकी ७४ बाळांना निर्दोष ठरवते. आता वर्गात हे गणित मांडून पाहा. संशयित बाळे १०० आणि खरा संसर्ग २० जणांना, असे धरू. चाचणी १२ बाळे पकडील, ८ निसटतील आणि २१ निरोगी बाळे उगाच दोषी ठरतील. निसटलेल्या आठांचे काय?

जेथे प्रयोगशाळा हाताशी नव्हती, त्या गडचिरोलीत डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' संस्थेने दुसरा मार्ग धरला. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ३९ गावांतल्या प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी बाळे तपासत. रडणे क्षीण होणे, दूध ओढणे मंदावणे, गुंगी, अंग गार किंवा गरम लागणे अशा ठरावीक लक्षणांवरून त्या संसर्ग ओळखत आणि घरीच प्रतिजैविके देत. संसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

तरीही एक आक्षेप उरतो. निदान लक्षणांवरूनच होत असल्याने, औषध दिलेल्या किती बाळांना खरोखर संसर्ग होता, हे सांगता येत नाही. दिल्लीच्या तीन रुग्णालयांतील २०१६ च्या अभ्यासात अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू मोठ्या प्रमाणात आढळले. त्यानंतर हा आक्षेप अधिकच गंभीर झाला आहे.

रक्तचाचणीची खरी जागा येथे आहे, असे आमचे मत आहे. उपचार सुरू करावेत का, याहून ते आता थांबवावेत का, या प्रश्नाला ती बरे उत्तर देते. प्रोकॅल्सिटोनिन पाहून उपचाराचे दिवस कमी करता येतात, हे युरोप-कॅनडातील चाचणीने २०१७ मध्ये दाखवले.

पहिली साक्ष मात्र आईचीच. बाळ पिणे सोडते तेव्हा 'रक्त तर ठीक आहे' म्हणून त्याला घरी ठेवू नये. आशाताईंना लगेच कळवावे, आणि बाळाला उबेत ठेवून दवाखान्यात न्यावे.