कृतज्ञ कोण आणि मिंधे कोण?

उपकारस्तुतीच्या रविवारी कुठल्याही मराठी चर्चमध्ये जाऊन बसा, लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी भेटण्याची शक्यता फार. दहा जण बरे झाले, एक परत आला, नऊ गेले ते गेलेच. मग उपदेशक समोर बघून विचारतात, तुम्ही त्या नवांतले की तो एक? आणि आपण माना खाली घालतो. आम्हीही घातल्या आहेत, वर्षानुवर्षं. आज मात्र हा उतारा जरा सावकाश वाचायचा आहे. त्याच्या आधाराने आपल्याकडे एक चुकीची समजूत बरोबर म्हणून चालत आली आहे, असं आम्हाला वाटतं.

ते नऊ जण आज्ञा मोडत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. येशूने त्यांना याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं होतं. लेवीयच्या चौदाव्या अध्यायातला नियमच तसा आहे. याजकाने तपासून शुद्ध ठरवल्याशिवाय त्या माणसाला पुन्हा वस्तीत घेत नसत. नऊ जण सांगितलं तेच करताहेत, दाखला घ्यायला निघाले आहेत. सांगितलेलं काम वाटेतच टाकून मागे फिरला तो एकटा, आणि तो शोमरोनी. यहुद्यांच्या हिशेबी परका, कमअस्सल. म्हणजे कृतज्ञता आणि आज्ञाधारकपणा या गोष्टीत एका बाजूला उभेच नाहीत!

आणि पुढचं वाक्य तर उपदेशात बहुतेक वेळा राहूनच जातं. पायाशी पडलेल्या त्या माणसाला येशू ठेवून घेत नाही. ऊठ, जा, असं सांगतो. ज्याने दिलं, तोच घेणाऱ्याला मोकळं करतो.

मराठीत दोन शब्द आहेत. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. त्यात 'ज्ञ' आहे, ज्ञान आहे. दुसरा शब्द मिंधा. त्याला जाणायचं काही नसतं, फक्त मान वाकवायची असते. आपल्या मंडळ्यांत मिशनच्या शाळा, मिशनचे दवाखाने, मिशनची घरं यांच्या आठवणी सांगताना हे दोन शब्द किती सहज एकमेकांत मिसळतात, ते आपण सगळे जाणतो. घरातली मोठी माणसंही पुष्कळदा तेच करतात. असो.

याची कसोटी लागलेली एक खरी गोष्ट आपल्याच माणसाची आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथे लेकीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या भगिनीसंघाने त्यांना आसरा दिला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. दोघींचा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली इंग्रजीत प्रसिद्ध केला. उपकार या विषयावर आपल्याकडे याहून प्रामाणिक पुस्तक आमच्या पाहण्यात नाही, आणि ते उपकारावर म्हणून लिहिलेलंही नाही.

भांडणाचं कारण बघा. रमाबाई चेल्टनमच्या कॉलेजात होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. परत गेल्यावर या बाईचं नाव खराब होईल, असा त्यांचा मुद्दा. आता ही बाई कोण? 1878 मध्ये कलकत्त्यात पंडितांच्या सभेत 'सरस्वती' ही पदवी मिळवलेली, 1882 मध्ये हंटर कमिशनपुढे साक्ष दिलेली. पुरुषांपुढे बोलायला त्यांना कुणी नव्याने शिकवायचं होतं थोडंच! क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असंही त्यांनी विचारलं. सिस्टरना यात अहंकार दिसला.

रमाबाईंचं उत्तर वाचताना आम्ही दर वेळी थांबतो. उपकार त्या नाकारत नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विचार करायची बुद्धी आणि सदसद्विवेक देवाने दिला आहे, तो दुसऱ्या कुणाच्या स्वाधीन करता येणार नाही. नीट पाहिलं तर हे कृतज्ञतेचंच वाक्य आहे. मोठ्या दात्याने दिलेलं मोलाचं देणं लहान दात्याच्या पायाशी ठेवून टाकणं, हीच त्यांच्या लेखी कृतघ्नता. आणि एवढं कडक लिहूनही सिस्टरना हाक काय, तर 'आजीबाई'. मिंधं माणूस अशी हाक मारू शकत नाही.

पण टीकाकाराने इथेच थांबून चालणार नाही, कारण पुढे रमाबाई स्वतः देणाऱ्याच्या जागी आल्या. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, मग ते पुण्याला नेलं. विधवा मुली तिथे शिकू लागल्या. काही जणी बाईंच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या, आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर वगैरे हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं. रमाबाईंची बाजू अशी की, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या खोलीचं दार लावूनही घेणार नाही.

या उत्तराने आमचं पुरतं समाधान होत नाही. बालपणीच विधवा झालेली, घरच्यांनी टाकलेली मुलगी. हिने अन्न दिलं, पाटी दिली, जवळ घेतलं. ती मुलगी त्या उघड्या दारातून आत जाते ती जाणून, की मिंधेपणाने? पुण्याची त्या वेळची टीका पुष्कळशी द्वेषाची होती, पण हा प्रश्न द्वेषाचा नव्हता. वाँटेजमध्ये रमाबाईंनी स्वतःसाठी हाच प्रश्न विचारला होता. फरक इतकाच, त्यांच्याजवळ उत्तर लिहायला भाषा होती. त्या मुलींपैकी बहुतेकींची पत्रं आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

रमाबाईंची आली, तीही कुणामुळे? सिस्टर जेराल्डिन यांनी ती जपली, जुळवली, पुढच्यांसाठी लावून ठेवली. ज्या पत्रांत त्यांचंच म्हणणं खोडून काढलं आहे, तीसुद्धा. हट्टी, गर्विष्ठ वाटलेल्या या लेकीचा कागद टाकून द्यावा असं त्या बाईंना कधी वाटलं नाही.