परतीचा किनारा : एकट्या दर्यावर्दीची गोष्ट आपण कशी वाचतो

मंडळी, यवतमाळात समुद्रावर बोलायचं म्हणजे जरा गंमतच. मुंबईचा समुद्र इथून लांब, आणि आपल्या वर्धा-पैनगंगेचं पाणीही तिकडे जात नाही. ते प्राणहितेतून गोदावरीला मिळतं आणि बंगालच्या उपसागरात जातं. पण दिलीप दोंदे यांचं 'द फर्स्ट इंडियन' वाचताना हे अंतर आम्हाला सोयीचंच वाटलं. समुद्राला न भुलता गोष्ट तपासता येते.

तपशील थोडक्यात सांगतो. नौदलातले अधिकारी दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी 'म्हादेई' ही 56 फुटी शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकटे निघाले. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाऊन ही चार बंदरं घेऊन 19 मे 2010 रोजी मुंबईला परतले. अशी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधली. मूळ ध्यास निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींचा, आणि ते राहायचे कुठे, तर फलटणजवळच्या विंचुर्णीत! बघा म्हणजे.

आता मुद्दा. मोहिमेचं नाव 'सागर परिक्रमा' आणि पुस्तकाचं 'पहिला भारतीय'. ही दोन नावं वाचकाला दोन वेगळी आश्वासनं देतात. नर्मदेची परिक्रमा करून आलेल्याला आपण 'तुमचा कितवा नंबर?' असं विचारत नाही. निघाला तिथे पोचला, एवढं पुरतं. पुस्तकाच्या नावात मात्र नंबर आला, आणि आपणही नंबरच वाचत बसलो. नौका बांधण्याची, माणसं जमवण्याची हकिगत दोंदे मन लावून सांगतात; आपण ती पानं भराभरा उलटून केप हॉर्नच्या लाटा शोधतो. आमची टीका आहे ती या वाचण्यावर.

कारण एकट्या माणसाला खरं छळतो तो किनारा. खोल समुद्रात आजूबाजूला कोणी नसतं, नौका स्वयंचलित सुकाणूवर सोडून थोडी थोडी झोप काढता येते. घर जवळ आलं की मासेमारीच्या होड्या, जाळी, मालवाहू जहाजं सुरू होतात. डोळा लागला की संपलं. शरीर सगळ्यात थकलेलं असतं, नेमकं तेव्हाच जागायचं असतं.

आणि साक्षीदारही इथेच भेटतात. 1968 ची ती ब्रिटिश शर्यत आठवा : नऊ जण निघाले, पूर्ण केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननी, तीही मुंबईत बांधलेल्या 'सुहेली'तून. फालमथला कस्टमवाल्यांनी कुठून आलात विचारलं, तर त्यांनी फालमथच सांगितलं. परिक्रमेचं याहून चोख उत्तर आम्हाला सुचत नाही. मोआतेसिए या फ्रेंच खलाशानं घराकडे वळायचंच नाकारलं, तो पुढे ताहितीला गेला. आणि क्रोहर्स्ट! तो अटलांटिकमध्येच घुटमळत रेडिओवरून खोटा प्रवास कळवत राहिला. घर जवळ येऊ लागलं तसा त्याच्या वह्यांचा हिशेब तपासला जाण्याचा दिवसही जवळ आला. जुलै 1969 मध्ये त्याची नौका सापडली, रिकामी. समुद्रानं त्याला बुडवलं असं म्हणणं फार सोपं आहे, हं.

म्हणून आमचा आग्रह असा की एकल प्रवासाचं कुठलंही पुस्तक हाती आलं, तर आधी परतीचा टप्पा वाचा. तिथे लेखक घाईत आहे का, हे लगेच कळतं.

दोंदे पोचले 19 मेला. उपराष्ट्रपती हमीद अन्सारींच्या उपस्थितीत औपचारिक स्वागत झालं 22 मेला. पुढे अभिलाष टॉमी कुठेही न थांबता प्रदक्षिणा करून 31 मार्च 2013 ला परतले, आणि राष्ट्रपती प्रणव मुखर्जींनी त्यांचं स्वागत केलं 6 एप्रिलला. सोहळ्याचे फोटो आपण पाहिलेत. आम्हाला वाचायची असते ती शेवटची रेषा ओलांडण्याआधीची रात्र, मुंबईचे दिवे दिसायला लागल्यानंतरची.