आतला माणूस

यंत्रमानवाचं नाटक तसं जुनंच. मूळ संहिता कारेल चापेक या चेक लेखकाची, १९२० सालची. ‘रोबोट’ हा शब्द तिथलाच. मूळ अर्थ वेठबिगारी. यंत्रमानवाच्या भूमिका अर्थातच नटांनी केल्या.

अमेरिकेतल्या टेस्ला कंपनीनं २०२१ साली नवा प्रयोग लावला. यंत्रमानव आला, झकास नाचला. आत चक्क माणूस! मालकांनी ते लगेच कबूलही केलं. २०२४च्या प्रयोगात यंत्र खरं होतं. पाहुण्यांना पेयं देत होतं, गप्पा मारत होतं. पण बरंच काही दूरवरची माणसं करवीत होती, हे मागाहून कळलं. म्हणजे तीन वर्षांत नट रंगमंचावरून विंगेत गेला!

यंत्राला चालणं जमतंय. अडतंय ते बोटांशी. आमच्या भांडीवाल्या बाई साबणानं बुळबुळीत झालेला काचेचा पेला न बघता विसळतात. ती नजाकत यंत्राला अजून साधलेली नाही.

माझी तक्रार एवढीच, की टाळ्या यंत्राला आणि विंगेतल्या माणसाचं नाव श्रेयनामावलीत नाही.

हे सौ.ला ऐकवलं. ती म्हणाली, “छान! आपल्या बाईंचं आडनाव काय हो?”

बारा वर्षं येताहेत त्या. मी उठून चहाचं आधण ठेवलं.