ताईमहाराज प्रकरण आणि मराठी चरित्रकाराची दृष्टी

लोकमान्य टिळकांच्या चरित्रवाङ्मयात ताईमहाराज प्रकरणास एक ठरीव जागा आहे. १८९७ चा राजद्रोहाचा खटला आणि १९०८ ची मंडालेची शिक्षा या दोन पर्वांच्या मध्ये ते येते आणि बहुधा छळाची कथा म्हणून सांगितले जाते. ही मांडणी चुकीची आहे असे नव्हे. ती अपुरी मात्र आहे. एका श्रीमंत घराण्याच्या अंतर्गत व्यवहारात शिरलेला कायदेपंडित, एक तरुण विधवा आणि एक दत्तक मुलगा यांच्यातील जो संबंध येथे दिसतो, त्याचा वाङ्मयीन विचार मराठीत फारसा झालेला नाही.

प्रारंभीची घटना कोणत्याही कादंबरीकारास मोह पडावा अशी आहे. पुण्यातील पहिल्या दर्जाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित उर्फ बाबामहाराज पटकीने आजारी पडले आणि ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केले व त्यात विश्वस्तांची नावे घातली. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या आरोपाखाली नुकतेच जामिनावर सुटलेले होते. टिळकांनी कायद्याची पदवी घेतली होती, कायद्याचा वर्गही चालविला होता, पण वकिली कधी केली नव्हती. दुसरे विश्वस्त गणेश श्रीकृष्ण खापर्डे हे मात्र अमरावतीचे नामांकित वकील. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमरावतीस भरलेल्या राष्ट्रीय सभेचे ते स्वागताध्यक्ष होते. कुंभोजकर व नागपूरकर हे आणखी दोघे. स्वतःवर तुरुंगाची छाया असलेल्या माणसाच्या हाती मरणारा मनुष्य आपली इस्टेट सोपवितो, यातला विश्वास विलक्षण आहे. टिळकांनी ते ओझे का स्वीकारले याचे उत्तर चरित्रकार 'मित्रकर्तव्य' या एका शब्दात देतात. तो शब्द खराच आहे. पण पुढील तेवीस वर्षांचा भार त्यास पेलत नाही.

मृत्युपत्राचा आशय थोडक्यात असा : पत्नी गरोदर आहे, मुलगा झाला नाही, अथवा होऊन जगला नाही, तर वंश चालविण्यासाठी विश्वस्तांच्या संमतीने तिच्या मांडीवर मुलगा द्यावा आणि तो सज्ञान होईतो विश्वस्तांनी व्यवस्था पाहावी. मुलगा जानेवारी १८९८ मध्ये झाला व दोन महिन्यांत वारला. टिळक तेव्हा शिक्षा भोगीत होते. म्हणजे ज्या प्रसंगी या घराचे भवितव्य फिरले, त्या प्रसंगी मुख्य विश्वस्त तुरुंगात होता. या योगायोगाकडे चरित्रांतून फारसे लक्ष दिले गेलेले नाही. घरात पती गेला, पाठोपाठ मूल गेले, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती अधिकार म्हणावा असा एकच उरला : मुलगा मांडीवर घेण्याचा. तोही दुसऱ्यांच्या संमतीने.

आजच्या विद्यार्थ्यास या अधिकाराचे वजन सहज कळणार नाही. १९५६ च्या दत्तक व निर्वाहविषयक कायद्याने हिंदू विधवेस स्वतःसाठी दत्तक घेण्याची मुभा दिली आणि दत्तकपुत्रामुळे कोणाच्या हाती आधीच आलेली मालमत्ता काढून घेतली जाऊ नये, असेही ठरविले. त्यापूर्वी स्थिती वेगळी होती. विधवेने मुलगा मांडीवर घेतला की इस्टेट त्याची होई. तिच्याकडे राहे ते पोटगीचे स्थान. नागभीड-ब्रह्मपुरीच्या बाजूस १९५१ मध्ये मालगुजारी गेली, परंतु मालगुजारांच्या वाड्यांतील दत्तकाच्या गोष्टी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील, त्यांना हे निराळे सांगावयास नको. दत्तविधान ही विधवेची सत्ता होती आणि तिच्या सत्तेचा शेवटही तोच होता.

जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे प्रभृती ताईमहाराजांसह निजामाच्या राज्यातील औरंगाबादेस गेले. तेथे निधोने शाखेतील जगन्नाथ हा मुलगा दत्तक घेतला गेला, असे विश्वस्तांचे म्हणणे. ताईमहाराजांचे म्हणणे उलट. जुलैअखेर त्यांनी पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशाकडे विश्वस्तांचे प्रोबेट रद्द करण्याविषयी अर्ज केला आणि ऑगस्टात कोल्हापूरच्या बाळामहाराजांस दत्तक घेतले. १९०२ च्या एप्रिलात न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी प्रोबेट रद्द केले व टिळकांवर फौजदारी खटला चालविण्याचा मार्ग मोकळा केला. ऑगस्ट १९०३ मध्ये दंडाधिकारी क्लेमंट्स यांनी अठरा महिने सक्तमजुरी व हजार रुपये दंड सांगितला. सत्र न्यायाधीश ल्यूकस यांनी शिक्षा सहा महिन्यांवर आणली. मार्च १९०४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती जेंकिन्स यांच्या न्यायासनाने दोषमुक्ती दिली. दिवाणी वाद तेवढ्याने मिटला नाही. पुण्याच्या न्यायालयाने १९०६ मध्ये औरंगाबादचे दत्तविधान मान्य केले, चंदावरकर व हीटन यांनी १९१० मध्ये ते नाकारले, आणि २६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलने पुन्हा मान्य केले.

येथे समीक्षकास उपयोगी पडणारी गोष्ट अशी की, पुरावा सर्वत्र जवळजवळ तोच होता. वाचन निराळे होते. प्रिव्ही कौन्सिलने ज्या मुद्द्यावर बोट ठेविले तो वाङ्मयाच्या अभ्यासकासही महत्त्वाचा आहे. औरंगाबादची घटना घडलीच नाही असे मानावयाचे, तर टिळक, खापर्डे आणि त्यांच्यासारख्या अनेक प्रतिष्ठित माणसांनी मिळून खोटी साक्ष देण्याचा कट केला असेही मानावे लागते. आणि असा कट गृहीत धरून साक्ष वाचणे हे वाचन नव्हे. चंदावरकरांच्या निवाड्याचे मूळ त्यांच्या सुधारकी मतांत शोधण्याचा मोह अनेकांस होतो. तो टाळला पाहिजे. निवाडा चुकला तो साक्षीच्या वाचनात चुकला, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

परंतु नेमका हाच निकष टिळकपक्षीय चरित्रकारांसही लावावयास हवा. प्रिव्ही कौन्सिलने घटनेचा प्रश्न सोडविला. ताईमहाराजांनी आपले मन का पालटले, हा प्रश्न तिने सोडविला नाही. चरित्रांतून मात्र या निकालाचा आधार घेऊन त्यांचे सारे चित्र रंगविले जाते : चंचल, भोळी, दुसऱ्यांच्या नादी लागणारी बाई. कोल्हापूरचा हितसंबंध, वेदोक्त प्रकरणामुळे टिळक व शाहू महाराज यांच्यात आलेले वितुष्ट, सरकारी अधिकाऱ्यांचा आकस, या सर्व गोष्टी खऱ्या असतील. तरी त्यांतून एवढेच निघते की, त्या बाईंच्या निर्णयाचा उपयोग करून घेणारे अनेक होते. निर्णय त्यांचा नव्हता असे निघत नाही. विश्वस्तांबरोबर औरंगाबादेस गेल्या तेव्हा त्या स्वतंत्र, आणि पुण्यास अर्ज केला तेव्हा परतंत्र, ही विभागणी सोयीची आहे, पुराव्याची नव्हे.

न. चिं. केळकरांसारखा कायदा जाणणारा, सावध, टिळकांच्या निकट वावरलेला चरित्रकारही नायकाच्या बाजूने उभा राहून हे प्रकरण पाहतो. नायकाचे चरित्र लिहिणाऱ्याकडून दुसरी अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल. पण त्याच पुण्यात, बाबामहाराजांच्या मृत्यूपूर्वी चार वर्षे, 'पण लक्षात कोण घेतो' ही हरिभाऊ आपट्यांची कादंबरी पुस्तकरूपाने आली होती आणि तिच्यात एक विधवा आपली कथा स्वतः सांगत होती. रखमाबाईंनीही आपल्या दाव्याच्या काळात वृत्तपत्रात आपली बाजू मांडली होती. कादंबरीने जी जागा दिली ती चरित्राने दिली नाही. ताईमहाराजांचे शब्द उरले ते अर्जात, जबानीत आणि त्या जबानीवर इतरांनी लिहिलेल्या निवाड्यांत. प्रश्न वकिलाने विचारलेले, उत्तरांची निवड न्यायाधीशाने केलेली. अशा कागदांतून व्यक्ती काढणे कठीण खरे; अशक्य नाही. विश्वस्तांच्या काटकसरीविरुद्ध त्यांची तक्रार, माणसे नेमण्या-काढण्यावरून झालेले वाद, यांत एक हट्टी आणि घरात आपले स्थान शोधणारी व्यक्ती पुसट का होईना दिसते.

टिळकांच्या बाजूचेही एक अंग या एकेरी मांडणीत झाकले जाते. विश्वस्ताने इस्टेट जपावी आणि मृत मित्राचा वंश चालवावा, हे कर्तव्य त्यांनी अक्षरशः पाळले. परंतु मृत्युपत्राच्या अक्षराशी निष्ठा आणि घरातील जिवंत माणसाशी निष्ठा यांचा विरोध आला, तेव्हा त्यांनी पहिलीची निवड केली. ती कायदेपंडिताची निवड होती. तिच्यात त्यांचा निग्रह दिसतो, आणि त्यांची मर्यादाही. छळाच्या कथेत निग्रह तेवढा येतो.

ताईमहाराज १९०३ सालीच वारल्या. फौजदारी खटल्याचा अखेरचा निकालही त्यांनी पाहिला नाही. पुढील लढा त्यांच्या मांडीवर कोण बसला होता एवढ्यासाठी चालला. १९२० च्या जुलैत टिळक मुंबईस गेले ते याच वादाच्या कामासाठी, आणि १ ऑगस्ट रोजी तेथेच, सरदारगृहात त्यांचा अंत झाला.