अनिर्वाच्य अनुभव आणि क्रियापदाची साक्ष

ऑल्डस हक्सली यांनी मे १९५३ मध्ये मेस्कॅलीन हे द्रव्य घेतले व तो अनुभव १९५४ साली ‘द डोअर्स ऑफ परसेप्शन’ या छोटेखानी ग्रंथात मांडला. भाषेमुळे जाणिवेचा संकोच होतो, हे त्यातील एक प्रमुख प्रतिपादन होय. झेनर यांनी १९५७ मध्ये त्यावर घेतलेले आक्षेप मुख्यत्वे धर्मानुभवाच्या प्रतवारीचे होते. भाषेच्या अभ्यासकास निराळेच काही खटकते. फुलदाणीतील तीन फुले पाहताना हक्सलींजवळ निःशब्दता नाही. एकहार्टचा ‘असणेपणा’ दर्शविणारा शब्द व आपला ‘सच्चिदानंद’ तेथे हजर आहेत. दार द्रव्याने उघडले असेल. आत दिसलेल्याची नावे मात्र ग्रंथालयातून आली.

‘अमृतानुभवा’च्या सहाव्या प्रकरणात ज्ञानेश्वरही शब्दाचे खंडन करतात, पण आधी त्याचा गौरव करून. शब्द स्मरण देतो. परंतु आत्मवस्तूला विस्मरणच नाही, मग स्मरण कोणास द्यावे? हक्सलींचा शब्द अपराधी आहे, ज्ञानेश्वरांचा केवळ अनावश्यक. हा भेद लहान नव्हे.

आता आपल्या बोलण्याकडे पाहू. गोंदियाकडे मोहाच्या दारूची नशा ‘चढते’. (ती मद्यच, मेस्कॅलीनच्या पंक्तीस बसविण्याचे कारण नाही. शिवाय वृक्षवाचक ‘मोह’ संस्कृत ‘मधूक’पासून आला आहे, ‘मुह्’ धातूशी त्याची लावली जाणारी सोयरीक सोडावी, हे बरे.) तंद्री ‘लागते’, समाधीही ‘लागते’, देव अंगात ‘येतो’. क्रियापद अनुभवाशी जुळते. अनुभविणारा चतुर्थीत वा सप्तमीत बाजूस उभा असतो. यावरून मराठी भाषक जात्याच निरहंकारी ठरत नाही, कारण भूक आणि झोपही ‘लागते’च. तथापि ‘मी’ लोपल्याचे सांगताना इंग्रजी वाक्याला जी मोडतोड करावी लागते, ती मराठीस पुष्कळदा करावी लागत नाही.

प्रश्न निव्वळ तात्त्विक नाही. २००६ साली ग्रिफिथ्स व सहकाऱ्यांनी सायलोसायबिनवरील प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३६ व्यक्तींचे अनुभव प्रश्नावलींनी मोजले गेले, आणि गूढानुभवाच्या मोजणीत अनिर्वाच्यता हेही एक अंग होते. शब्दांत न मावणाऱ्यास शब्दबद्ध विधानापुढे गुण द्यावयाचे! अशी प्रश्नावली मराठीत आणणाऱ्यास प्रत्येक विधानापाशी ‘मी अनुभवले’ की ‘मला अनुभव आला’ हे ठरवावे लागेल, आणि त्या निवडीने उत्तर बदलते की नाही, हे मूळ मराठी निवेदने गोळा केल्यावाचून कळावयाचे नाही.