भूक, बंदूक आणि आमची कादंबरी

दिवाळी जवळ आली की आमच्या लातूरच्या गंजगोलाईत दुकानांच्या दारांवर टिकल्यांची पिस्तुले टांगलेली दिसू लागतात. माझ्या धाकट्यालाही दरवर्षी एक हवे असते, आणि मी ते आणून देतो. चार दिवस घरात फटफट चालते. भाऊबीजेपर्यंत चाप मोडतो आणि खेळ संपतो. या गरीब खेळण्यावर राग धरावा असे मला वाटत नाही. पण ते हातात घेतले म्हणजे मनात येते, की ज्या मोठ्या माणसाला खरे पिस्तूल हवेसे वाटते, त्याला ते कशासाठी हवे असते? आणि आमच्या मराठी कादंबरीने याचे उत्तर कधी शोधले आहे काय?

मी विद्यापीठातला समीक्षक नव्हे. शाळेत मराठी शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा अधिकार. तेव्हा जे वाचले आणि आजूबाजूला पाहिले, त्याचाच मेळ येथे घालून पाहतो.

गुन्हा का घडतो, असे कुणालाही विचारा. 'गरिबीमुळे' हे उत्तर ठरलेले. आमच्या साहित्यातही ते आहे, आणि मोठ्या ताकदीने आहे. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली आली. फकिराच्या हाती तलवार आहे; पण ती उपसली जाते ती माणसे अन्नान्न करीत असताना. तो धान्य लुटतो, पुढे इंग्रजांचा खजिना लुटतो, आणि ते सारे उपाशी माणसांपर्यंत पोहोचवतो. वाचकाला त्याच्यात दरोडेखोर दिसतच नाही. भाकरीचा न्याय करणारा पुरुष दिसतो. योगायोग असा, की ज्या वर्षी ही कादंबरी आली त्याच वर्षी स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदाही झाला.

दुसरे पुस्तक तर आमच्या मातीतलेच. लक्ष्मण गायकवाड हे लातूरजवळच्या धनेगावचे. त्यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींच्या कपाळी जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण शिक्का पुसला गेला नाही. काम मागायला जावे तर कुणी देत नाही, म्हणून चोरी. आणि चोरी केली म्हणून पुन्हा काम नाही. पोलिसांचा मार खाता यावा म्हणून घरातल्या पोरांना आधी घरातच मार खायला शिकवायचे, हे वाचताना मला पुस्तक मिटून ठेवावे लागले होते. पण या माणसांचे हत्यार कोणते? खिसा कापण्याचे पाते! भूक चोरी करते. ती सहसा कुणाचा जीव घ्यायला निघत नाही, हे मला या पुस्तकाने शिकवले.

आता पुस्तके बाजूला ठेवून गावात येऊ. जून २०१८ मध्ये लातुरात एका खासगी शिकवणी वर्गाच्या संचालकांची गोळ्या झाडून हत्या झाली. धंद्यातील चुरशीतून सुपारी दिली गेली, असा पोलिसांचा आरोप होता. ज्या गावाने शिकवण्याच्या पद्धतीवर नाव कमावले, तेथे शिकवणीच्याच धंद्यात गोळी सुटली! त्या दिवशी वर्गात खडू हातात धरताना मला ओशाळल्यासारखे झाले. एप्रिल २०२२ मध्ये नांदेडात एका बांधकाम व्यावसायिकावर त्यांच्या घरासमोरच गोळ्या झाडल्या गेल्या. आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांना निर्घृणपणे मारण्यात आले. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, असे तपासाचे म्हणणे. तेथे तर गोळी सुटलीच नाही. पण त्या हत्येनंतर बीड जिल्ह्यातील बंदुकीच्या परवान्यांची मोजदाद निघाली आणि आकडा हजाराच्या वर गेला, तेव्हा सगळा महाराष्ट्र चमकला.

परवाना भुकेल्या माणसाला मिळत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज लागतो, ओळखी लागतात, आणि वर बंदूक विकत घेण्याची ऐपत लागते. कायद्याने २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात. पण मिजाशीला एकही पुरते. लग्नाच्या वरातीत कमरेला दिसावे, चावडीवर बसताना सदऱ्याआडून डोकवावे, एवढ्यावर तिचे निम्मे काम होते. ती न झाडताच माणसे गप्प होतात.

मग गरिबीचा संबंध नाहीच काय? आहे, पण तो आपण समजतो तसा सरळ नाही. जेथे शेती पिकत नाही, पदवी घेतलेला पोरगा पारावर बसून राहतो, आणि त्याच गावात वाळू, ठेका, प्लॉट यांचा पैसा एकाएकी येतो, तेथे त्या पैशाला राखणदार हवे असतात आणि पोराला मान हवा असतो. हात रिकामे एकाचे, पैसा दुसऱ्याचा. त्या रिकाम्या हातात गावठी कट्टा येतो तो येथे. गंमत पाहा, सातपुड्यातल्या उमर्टीसारख्या गावी तो कट्टा घडवणारा कारागीर बहुधा दरिद्रीच असतो. घडवणारा गरीब, चालवणारा गरीब. गरीब नसतो तो मधला, दाम मोजणारा. आणि आमच्या कादंबरीत नेमका तोच सापडत नाही.

प्रवीण तरडे यांच्या 'मुळशी पॅटर्न' या २०१८ च्या चित्रपटाने या प्रश्नाला हात घातला, हे मान्य केले पाहिजे. जमीन विकून बसलेल्या बापाचा पोरगा गुंड कसा होतो, हे त्यात कळकळीने आले आहे. जमीन गेली की माणसाचा मान जातो, आणि तो मान परत मिळवायला पोरगा हत्यार उचलतो, हे निदान अचूक आहे. पण पडद्यावरचा गुंड ऐटीत चालू लागला की बापाचे दुःख मागे पडते, आणि आमची पोरे घरी आणतात ती चाल, दुःख नव्हे.

हा दोष दुसऱ्याच्या पदरी टाकून मला सुटता येणार नाही. माझ्या दुसऱ्या कादंबरीत शेवटी नायक पिस्तूल काढतो. ते मी रंगवून लिहिले होते : तिची थंडगार मूठ, तिचा काळा चकाकता रंग. एके दिवशी मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. घरी कोरडवाहू दोन एकर, बाप ऊसतोडीला जाणारा. म्हणाला, "सर, तुमचं ते पान मी दहादा वाचलं." मी विचारले, "आणि बाकीचं पुस्तक?" तो हसून गप्प राहिला.

त्या रात्री मी ते पान पुन्हा वाचले. पिस्तुलाचे वर्णन पाऊण पानभर होते. ते कुणाच्या पैशाने आले, याविषयी एक ओळही नव्हती. नायक माझा होता, पण त्याच्यामागचा माणूस मी अंधारातच ठेवला होता. बहुधा तो मला ओळखीचा होता, आणि त्याचे नाव घेण्याची मला भीती वाटली होती.

तो मुलगा यंदा बारावीला आहे. परवा आकाशकंदिलाच्या काड्या घ्यायला बाजारात भेटला, वाकून नमस्कार केला. नवी कादंबरी कधी येणार, असे त्याने विचारले. मी म्हणालो, "लिहितो आहे बाबा. या वेळी पिस्तूल एकाच ओळीत आहे. बाकी सगळा हिशेब आहे."